चढणीचे मासे

ओढ्यावरचा जुना बंधारा फोडल्यावर पहिल्याच आषाढात मी तिथे मासे मोजायला बसले. अंड्यांनी फुगलेले दोनशे सात मासे वर चढून गेले.

दामूआबा नेहमीसारखे घमेलं घेऊन आले. बंधाऱ्यावर धडका मारणारे पोटुशे मासे उचलून ते चाळीस वर्षं पलीकडे सोडत आले होते.

"आबा, आता घमेलं कशाला? त्यांचे ते जातात."

"बरं झालं, पोरी."

पण ते माशांकडे बघतच नव्हते. तुंबलेलं पाणी उतरून काठाची पायवाट उघडी पडली होती.

"ही पौडच्या दवाखान्याला जाती, अर्ध्या तासात. आमच्या लेकीला, प्रभाला कळा सुरू झाल्या, तवा ही वाट पाण्याखाली होती. झोळीत घालून डोंगराच्या वळशानं नेली तिला. न्हाई पोचली."