मिठाचा पंजा
दर पानगळीत मायलेकी रानवाटेने भटकून यायच्या, मग मैद्यात मीठ घालून मळलेल्या चकत्यांवर वेचलेली पानं उमटवून ओव्हनमध्ये त्या कडक भाजायच्या. गेल्या वर्षी लेकीने हट्टाने आपला पंजाच टेकवला आणि कडेने आईला सुरी फिरवायला लावली. हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन पोर गेली. पंज्याला ओल लागू नये म्हणून आईने तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जपला. आज केक बाहेर काढून ती वळली, तर सासरे चहात काहीतरी बुडवून खात होते. डबा उघडा होता, बशीत इवलासा अंगठा तेवढा उरला होता. हल्ली कालचं आज न आठवणाऱ्या सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "सूनबाई, मीठ फार पडलंय. पोरगी फिरून आली की तिला नको देऊस हे." "नाही देणार, बाबा," म्हणत तिने अंगठा डब्यात ठेवला.