पुढचा मुहूर्त

सकाळी पाळी आली आणि मेघनाबाईंची बाळाची आशा याही महिन्यात मावळली. त्यात दहावीला नेमका आज हाच धडा!

फळ्यावर गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर काढून त्या तुटकपणे म्हणाल्या, "गर्भ राहिला नाही, की हा वरचा थर गळून जातो. खालचा मात्र राहतो. का?"

मांडववाल्यांची कस्तुरी उठली. "बाई, लग्न मोडलं की बाबा पडदे, झालरी उतरवतात. पण सांगाडा तसाच ठेवतात. पुढच्या मुहूर्ताला त्यावरच नवे पडदे चढतात."

वर्ग खदखदून हसला.

"आणि तेही लग्न मोडलं तर?" बाईंनी विचारलं.

"पुन्हा नवे पडदे! बाबा कंटाळतच नाहीत, बाई."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी फळ्यावरचा वरचा थर पुसला आणि लाल खडूनं नवा काढायला घेतला.