दहा मिनिटांची सूट

कल्पना करा, बाळांनो: रमजानची दुपार आहे, गफ्सा गावातला संगणकाचा वर्ग आहे आणि टेबलावर खजुरांचा उघडा डबा आहे. सगळ्यांचे रोजे, म्हणून कुणी हात लावत नाही.

डबा स्कंदरच्या आजीने पाठवला होता. काल तिने या मुलांनी बनवलेल्या, सूर्यास्ताची वेळ सांगणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबून रोजा सोडला. खजूर खाऊन झाला, सूप अर्धे संपले, आणि मग मशिदीतून सूर्यास्ताची अजान ऐकू आली.

"काय रे स्कंदर, तुझ्या सूर्याला घरी जायची घाई होती का?" जलालने विचारले. पोरे हसली.

"गफ्साऐवजी स्फाक्स लिहिलं मी," स्कंदर पुटपुटला. स्फाक्स पूर्वेला, समुद्राकाठी. तिथे सूर्य आठ मिनिटे आधी मावळतो. "पण प्रोग्रॅम तपासणारी माझी चाचणी हिरवी होती, म्हणजे पास! चुकलो होतो, तर लाल का नाही झाली?"

"म्हणजे चूक सूर्याची!"

"पुरे, जलाल," नजात मॅडम म्हणाल्या. "आजी रागावल्या का रे?"

"नाही. म्हणाली, पोरांना ओरडू नका. ईदनंतर एक रोजा जास्तीचा धरीन."

खिडकीजवळची रिहाब मान वर करेना. प्रोग्रॅमने काढलेली वेळ खऱ्या वेळेशी जुळते का, हे पाहणारा छोटासा तपासनीस तिने लिहिला होता. तेच ते प्रत्येकाने कशाला लिहायचे, म्हणून सगळ्यांच्या चाचण्या त्यालाच बोलावत. एका मिनिटाचा फरक तो चालवून घेई. पण हा प्रोग्रॅम शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा होता, त्या सकाळी रिहाबचीच चाचणी लाल झाली. चूक शोधायला वेळ नव्हता. तिने एकाचे दहा केले. सगळे हिरवे झाले, आणि टाळ्या तिला मिळाल्या.

"रिहाब, तूच सांग याला," जलाल म्हणाला. "तुझा तपासनीस कधी चुकतो का?"

रिहाबने खजुरांकडे पाहिले. मग उठून तिने आपला संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. दहामधले शून्य खोडले. सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या.

स्कंदरची ओळ लाल झाली. पण तिच्याही वर एक लाल ओळ होती. रिहाबने ती मोठ्याने वाचली, स्वतःच्या नावासकट.