गाडी तापवायची का?

डिसेंबरच्या गारठ्यात रोज सकाळी सहाला श्रीधरराव स्वेटर-कानटोपी चढवून बेसमेंटला उतरायचे आणि हायब्रीड गाडी सुरू करून आत बसून राहायचे. पाच मिनिटांत कॅनडाहून उपेंद्रचा फोन यायचाच. गाडी सुरू झाली की लेकाला मोबाइलवर कळायचं.

"अप्पा, हायब्रीडला तापवावं लागत नाही! किती वेळा सांगू? आणि बेंगळुरूत कसली आलीय थंडी? इथे उणे वीस आहे!"

"असं होय? विसरलोच बघ," म्हणत ते सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून घ्यायचे. फोन संपला की गाडी बंद करून, कुठेही न जाता, वर रिकाम्या घरात परतायचे.

परवा शेजारच्या वेणुगोपालांनी तश्शीच गाडी घेतली. "सर, सकाळी स्वल्प तापवायची ना?" त्यांनी विचारलं.

"छे! हायब्रीडला लागतच नाही ते. बसायचं आणि निघायचं."

"मग तुम्ही रोज...?"

श्रीधररावांनी कानटोपी आणखी खाली ओढली.



"तुमची लेक तुमच्याकडेच राहते ना, अण्णा? मग तुम्हाला नाही गरज."