कळवतो म्हणाले होते

नाव ऐकताच काउंटरमागची मुलगी उठून उभी राहिली. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, "कर्णिक. चंद्रहास कर्णिक. मुलाखतीचं काय झालं ते विचारायला आलोय." तिचा चेहरा पांढराफटक पडला. फोन उचलून ती हलक्या आवाजात काहीतरी बोलली, आणि बोलताना त्याच्याकडे बघायचं टाळत राहिली.

चंद्रहासला वाटलं, आपलं चुकलंच. न कळवता कुणाच्या ऑफिसात येऊन उभं राहणं इथे जपानमध्ये बरं दिसत नाही, एवढं इतक्या वर्षांत त्यालाही कळलं होतं. पण त्याचा इलाज खुंटला होता. आधीची नोकरी त्याने गणपतीच्या सुमारास सोडली, तीही तडकाफडकी. पाठीचं दुखणं, एवढंच कारण ऑफिसात सांगितलं आणि बायकोलाही. मग दिवाळी गेली, नवं वर्ष उजाडलं. मार्चमध्ये व्हिसा संपत होता. वृंदा निशी-कासाईच्या एका भारतीय किराणा दुकानात उभ्याने पार्टटाइम करत होती.

कावासाकीच्या या कंपनीतली मुलाखत मात्र छान झाली होती. मुलाखत घेणारे ओनिशी-सान चांगलं इंग्रजी बोलणारे, हसतमुख. "आमच्याकडे रात्री उशीर होतो. चालेल ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा चंद्रहास म्हणाला होता, "सवय आहे मला. आधीच्या नोकरीतही तेच होतं." घरी जेवताना त्याने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. वृंदाने देवापुढे साखर ठेवली. त्यांची तेरा वर्षांची जुई पानातला भात चिवडत बसून राहिली.

आठवडाभरात कळवतो म्हणाले होते. आठवडा गेला, आणखी एक गेला. फोनवर भरभर बोललेलं जपानी चंद्रहासला झेपत नसे. विजेच्या बिलापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे फोन जुईच करायची, त्याचे आलेलेही तीच घ्यायची. त्याने तिलाच सांगितलं, "जरा विचार गं." फोन घेऊन ती बाल्कनीत गेली, काचेचं दार ओढून घेतलं. परत येऊन म्हणाली, "मादा, दात्ते." अजून नाही म्हणे. पुढच्या वेळीही तेच. तो मेल लिहायला बसला तर मागून म्हणाली, "इथे असं मागे लागत नाहीत, बाबा. वाईट दिसतं."

शेवटी वृंदाच म्हणाली, "तू स्वतः जाऊन ये. नाही म्हणाले तर नाही. पण हे टांगून राहणं नको आता."

ओनिशी-सान जिना उतरून धावतच आले आणि शेवटच्या पायरीवर थबकले.

"कर्णिक-सान? तुम्ही?"

त्यांनी त्याला आतल्या खोलीत नेलं.

"आम्ही तुमची निवड केली होती. दुसऱ्याच दिवशी फोन केला. तुमच्या मुलीने घेतला. इतकी रडत होती की आधी काही समजेना. मग म्हणाली, वडील वारले."

चंद्रहासला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक होतेय. पण ते इंग्रजीत बोलत होते.

"आणि ती जागा?"

"सोमवारपासून दुसरे आलेत." ओनिशी-सान उठले आणि कमरेत वाकले, ते वाकलेलेच राहिले. काय करावं न सुचून तोही वाकला.

परतीच्या गाडीत जागा असूनही तो रागाने उभाच राहिला. पोटच्या पोरीने जिवंत बापाला मारून टाकलं! का? पुण्याला जायचंय म्हणून? छे, पुण्याचं नाव काढलं तरी ती खोलीचं दार लावून घ्यायची. बापाच्या मोडक्या जपानीची लाज? घराजवळच्या स्टेशनवर, ग्योतोकुला उतरेपर्यंत त्याला एकही कारण पटलं नाही.

जुई शाळेतून आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"मी मेलो म्हणून सांगितलंस?"

तिने दप्तर खाली ठेवलं. नाकारलं नाही.

"आता परत जावं लागेल आपल्याला. कळतंय का? तुझी शाळा, मैत्रिणी, सगळं सुटेल."

"हाई," ती म्हणाली. "चालेल मला."

आजवर त्याने कधी तिच्यावर हात उगारला नव्हता. आज उगारला. ती मागे सरली नाही.

"का केलंस? बोल!"

घरात ती बहुतेक जपानीतच उत्तर द्यायची. या वेळी शब्द शोधत, अडखळत, मराठीत बोलली.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑगस्टच्या शेवटी. मी स्विमिंगहून येत होते. गाडीतून उतरले तर समोरच्या फलाटावर तू होतास. पार टोकाला."

त्याचा हात आपोआप खाली आला. त्या सकाळबद्दल तो जगात कुणाशीही बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला होता.

"मी हाक मारली. पण मध्ये गाडी आली, ती न थांबणारी. मी डोळे मिटले. उघडले तर तू तिथेच होतास."

तिने दारातल्या त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"तू बूट काढून, नीट जोडीने लावून ठेवले होतेस, बाबा."