फणीवरच्या तीन खुणा

यावलला केळीची बाग असलेले माझे सासरे, आबा, १९७१ साली आमच्याकडे लंडनला आले होते. हॉटेलात त्यांनी टेबलावरच्या फणीतलं एकच केळं खाल्लं. ताटल्या उचलल्यावर आलेल्या बिलात तीन केळी होती. "फणीतली तीन गेली आहेत. वय झालं की आठवत नाही," वेटर हसला. मी आबांना हे सांगून पर्स उघडली. "थांब सूनबाई, हा मले खोटं पाडतो," म्हणत आबांनी फणी मॅनेजरसमोर धरली. केळी तुटल्याच्या तीन खुणांपैकी दोन काळ्या पडून वाळल्या होत्या. एकच ओली, पांढरी होती. "हे दोन कालचे मोडेल हायेत, सांग त्याले." वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. ओशाळलेल्या मॅनेजरने तिन्ही केळी बिलातून खोडली. तरी आबांनी एकाचे पैसे ठेवलेच. "फुकट कसं? कोणीतरी अठरा महिने पाणी भरलं असंल केळीले."