शनिवारचा कार्यक्रम

"पुढच्या एक्झिटला घे," बाबा म्हणाले.

"इकडे? बाबा, आपलं इकडे काय काम?"

"घे तर खरं."

ऋषीने इंडिकेटर दिला. ईडन प्रेरीला घर घेतल्यापासून या हायवेवरून तो शेकडो वेळा गेला असेल, पण ब्रुकलिन पार्क या उपनगरात गाडी कधी वळवली नव्हती. कशाला वळवणार? आपलं म्हणावं असं तिथे होतं कोण!

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. क्रेमेटोरियमचा स्लॉट कामाच्या दिवशी मिळाला, म्हणून उगाच कुणाला त्रास नको असं म्हणत त्याने मोजक्याच माणसांना कळवलं. गुरुजी झूमवर होते. भट्टीचं बटण त्यानेच दाबलं. रडू आलं नाही. येईल, विमानतळावर आपली बॅग सगळ्यांच्या नंतर येते तसं येईल, असं त्याला वाटलं होतं. अजून आलं नव्हतं. तो ऑफिसला जात होता, जेवत होता, मीटिंगमध्ये बोलत होता, आणि आत काहीही हलत नव्हतं.

बाबांचं आजचंच नागपूरचं तिकीट होतं. ते थांबावेत असं ऋषीला फार वाटायचं. आई गेली, आता बाबाही गेले तर मागे उरलं काय? पण विचारायचा धीर होत नव्हता. आणि काल बाबाच म्हणाले, "तिकीट जरा पुढे ढकल. उद्या एक कार्यक्रम आहे. तूही चल, मुलगा लागतो."

"कुणाकडे?"

"मुसूकडे."

मुसू म्हणजे आईची देखभाल करायला एजन्सीने पाठवलेली लायबेरियाची बाई. पन्नाशीची, चांगली उंचपुरी. आई गेल्यावर ऋषीने सर्व्हिस कॅन्सल केली, तरी ती यायची थांबली नाही. दाराला नुकत्याच बसवलेल्या कॅमेऱ्यात त्याला सगळं दिसायचं. भर दुपारी तिची गाडी येई, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर निघत आणि तो घरी यायच्या आत परतत. एकदा तर दारातच तिने बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. ते बघून त्याचं डोकं फिरायला हवं होतं. त्याने फक्त ॲप बंद केलं.

गाडी एका लांबलचक पार्किंग लॉटमध्ये शिरली. गाड्यांमधून गाणी वाजत होती. वेण्या घालून देणाऱ्या सलूनबाहेर बायकांची रांग होती, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. कुणीतरी ड्रमच्या चुलीवर मासे भाजत होतं. ईडन प्रेरीत शेजाऱ्याचा आवाज ऐकायला तो बर्फ उपसायला बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि इथे ही जत्रा! परमुलखात उतरल्यासारखा ऋषी बघत राहिला.

बाबा मात्र सराईतासारखे दुकानात शिरले. सुक्या मासळीचा वास, लाल पाम तेलाचे कॅन. एक मातकट कंद उचलून ते म्हणाले, "याचाच साबुदाणा करतात."

"पापा गुरू!" गल्ल्यावरचा माणूस बाहेर आला आणि त्याने बाबांना घट्ट मिठी मारली. मग आणखी एकाने. बाबांना, गुरुनाथरावांना, आजवर कुणी मिठी मारल्याचं ऋषीच्या पाहण्यात नव्हतं.

"तुम्ही नेहमी येता इथे?"

"मंगळवारी, शुक्रवारी."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"म्हणजे आई असताना?"

"आई असतानाच."

"तिला माहीत होतं?"

"माहीत काय! सुरुवात तिनेच करून दिली."

आई घरात खाटेवर पडून सिरियल बघत असते, असं समजून तो वर्षभर निवांत ऑफिसात बसला होता.

तेवढ्यात मुसू आली. नखशिखांत नटलेली, पांढऱ्यावर निळ्या नक्षीचा झगा, डोक्याला त्याच कापडाचा फेटा. तिने बाबांच्या हातात एक पिशवी दिली. बाबा आत गेले आणि बाहेर आले ते त्याच नक्षीचा सदरा घालून. वीज मंडळात अख्खी नोकरी पांढऱ्या शर्टात काढलेला माणूस!

"तुझाही शिवलाय," मुसू इंग्रजीत म्हणाली. "माप अंदाजाने घेतलं."

"नको. थँक्स."

तिने आग्रह केला नाही. सदरा हातावर घेऊन ती पुढे चालू लागली.

दुकानामागे हॉल होता. दार उघडलं आणि ढोलांचा आवाज अंगावर आला. हॉल खच्चून भरलेला, आणि झाडून सगळे त्याच पांढऱ्या-निळ्या कापडात. पोरं नाचत होती, भाताच्या पराती फिरत होत्या. समोर फुलांनी सजवलेलं स्टेज होतं. त्यावर सोनेरी कापड घातलेल्या दोन खुर्च्या. मुसूने बाबांचा हात धरून त्यांना एका खुर्चीवर नेऊन बसवलं. दुसरीभोवती बायकांचा घोळका होता.

दोन खुर्च्या. मुलगा लागतो तो कशाला, हे ऋषीला आता लख्ख कळलं. बापाला संमती द्यायला.

"बाबा, बास!" तो ओरडला. मराठीतच ओरडला. "आईच्या अस्थी अजून घरात आहेत आणि तुम्ही लग्न करताय? लाज नाही वाटत?"

ढोल थांबले. शब्द कुणालाच कळले नव्हते, तरी सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता.

"वर ये," बाबा म्हणाले.

तो पाय ओढत स्टेजवर चढला. मुसूने नवा सदरा त्याच्या खांद्यावर टाकला आणि बायकांना हाताने खूण केली.

बायका बाजूला झाल्या. दुसऱ्या खुर्चीत, डोक्याला त्याच कापडाचा फेटा बांधून, त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं इतकं तोंडभर हसत, हार घातलेल्या फोटोतून आई बघत होती.